भाड्याचं घर आणि खालचा शेजार



शेंद्रा एमआयडीसीत कारखाने वाढले, तशी खोली शोधणारी पोरंही वाढली. मीही माझा दुसरा फ्लॅट भाड्यानं दिला. वाटलं, बसल्याजागी उत्पन्न!

तिघं शिफ्टला जायची. पोरं चांगली, म्हणून कागद केला नाही. काम सुटलं तशी एका रात्रीत गावी गेली. दोन महिन्यांचं लाइटबिल माझ्या गळ्यात. त्यात बाथरूमचं पाणी झिरपून खालच्या काकूंच्या देवघराची भिंत ओली झालेली. त्यांनी दोनदा सांगितलं होतं. मी ‘बघतो’ म्हणून सोडून दिलं. दुरुस्तीत चार महिन्यांचं भाडं गेलं. काकू वर्षभर बोलल्या नाहीत, ते वेगळंच.

म्हणून सांगतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेला हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची. लेखी करार नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचंच म्हणणं खरं धरतात. सोसायटीचं बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांच्या वर नसतं. ते कुरकुर न करता भरा. हिशेब बारा महिन्यांचा नको, दहाचाच धरा: एक महिना घर रिकामं जाईल, एका महिन्याचं भाडं दुरुस्तीला.

आणि खालून ओल आल्याचा निरोप आला, तर त्याच दिवशी प्लंबर घेऊन जा. काकू आज पहिल्या रांगेत बसल्यात. काकू, त्या ‘बघतो’बद्दल सगळ्यांसमोर माफी मागतो.