नांवांमागील नातीं



कोठीच्या खोलींत डबे लावतांना आपण सर्वजण नकळत एक शास्त्रीय काम करीत असतों. डाळी एका फळीवर, पिठें दुसऱ्या फळीवर, मसाले तिसऱ्या फळीवर. कोणी डबे उंचीप्रमाणें लावतो, कोणी रोज लागणारे पुढें आणि सणासुदीला लागणारे मागें ठेवतो. यांतली कोणतीहि मांडणी चूक नव्हे. कारण डब्यांना आपसांत कांहीं नातें नसतें, सोय काय ती आपली असते. परंतु हाच उद्योग माणसानें सजीवांच्या बाबतींत आरंभिला, तेव्हां एक निराळाच प्रश्न उभा राहिला. झाडें, पक्षी, मासे, किडे यांची आपण जी मांडणी करूं ती केवळ आपल्या सोयीची, कीं त्या जीवांतच मुळांत असलेली एखादी व्यवस्था आपणांस शोधून काढावयाची आहे? आजच्या भाषणांत या प्रश्नाचा थोडा विचार करूं; आणि त्याचें उत्तर चुकलें तर तें माणसाच्या जिवावर कसें बेततें, हेंहि मुंबई शहरांतल्याच एका उदाहरणानें पाहूं.

आपल्या पूर्वजांनीं जीवसृष्टीचे चार भाग कल्पिले होते. वेष्टनासह गर्भांतून जन्मणारे ते जरायुज. अंड्यांतून निघणारे ते अंडज. घामापासून व उष्म्यापासून उत्पन्न होतात अशी समजूत होती ते स्वेदज. आणि भूमि भेदून वर येणारीं तीं उद्भिज्जें. स्वेदज हा भाग आज मानतां येत नाहीं. कारण ऊ काय, ढेकूण काय, सारे अंड्यांतूनच निघतात. तथापि रंग किंवा आकार यांवर न भुलतां जन्माच्या रीतीवर विभागणी उभारली, ही दृष्टि मार्मिक होती यांत शंका नाहीं. तिकडे ग्रीस देशांत ख्रिस्तपूर्व ४ थ्या शतकांत अॅरिस्टॉटल यानेंहि, डॉल्फिन पाण्यांत राहत असला तरी हवेनें श्वास घेतो आणि पिलांना दूध पाजतो, हें बारकाईनें पाहून नोंदून ठेविलें होतें.

लोकभाषेची विभागणी मात्र बहुधा राहणीवरून होते. जो पाण्यांत पोहतो तो मासा, म्हणून आपण देवमाशाला 'मासा' म्हटलें. पण देवमाशाच्या पोहण्याच्या परांतील हाडें, वटवाघळाच्या पंखांतील हाडें आणि आपल्या स्वतःच्या हातांतील हाडें एकाशेजारीं एक मांडून पाहावीं. दंडाचें एक हाड, पुढें दोन हाडें, मग मनगट आणि बोटें, हाच क्रम तिन्ही ठिकाणीं आढळतो. एकानें त्या हाताचें वल्हें केलें, दुसऱ्यानें पंख केला, आपण त्या हातानें लेखणी धरतों. राहणीमुळें आलेलें साम्य वरवरचें असतें. घडणींतील साम्य खोल असतें. खरें वर्गीकरण या दुसऱ्या साम्यावर उभें राहिलें पाहिजे, हें ओळखावयास युरोपांतल्या पंडितांनाहि फार काळ लागला.

या शास्त्राची घडी ज्यानें बसविली तो कार्ल लिनियस (१७०७–१७७८) स्वीडन देशाचा. त्याचा सृष्टिव्यवस्थेवरील ग्रंथ प्रथम १७३५ सालीं निघाला, तेव्हां त्यानें देवमाशाला माशांतच घातलें होतें. १७५८ सालच्या दहाव्या आवृत्तींत त्यानें त्याला तेथून उचलून सस्तन प्राण्यांत आणिलें. त्याच आवृत्तींत वटवाघळाला त्यानें दांत व स्तनांची जागा पाहून माणूस आणि वानर यांच्या गणांत बसविलें. पुढच्या संशोधकांनीं तें तेथून काढून स्वतंत्र केलें. या शास्त्रांत कोणाचाहि शब्द अखेरचा नसतो, तो असा.

लिनियसची सर्वांत टिकाऊ देणगी म्हणजे दोन शब्दांचें नांव. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. जणूं एक आडनांव आणि एक स्वतःचें नांव. ही पद्धति त्यानें वनस्पतींना १७५३ सालच्या आपल्या ग्रंथांत आणि प्राण्यांना १७५८ सालच्या आवृत्तींत सर्रास लाविली. तिची गरज आपल्याकडे सहज पटते. 'ब्राह्मी' हें नांव घ्या. कोणी या नांवानें पाणथळ जागीं वाढणारी, जाड बारीक पानांची बाकोपा ही वनस्पति देतो, तर कोणी बेडकाच्या पावलासारख्या गोल पानांची मंडूकपर्णी देतो. या दोन्हींचीं कुळें सर्वस्वीं वेगळीं आहेत. औषधाच्या पुडीवर मराठी नांव एकच असलें, तरी पोटांत जाणारें द्रव्य एकच असेल अशी खात्री नाहीं. शास्त्रीय नांव कानाला कठोर लागतें खरें; पण तें सर्व जगांत एका जातीला एकच असतें.

लिनियसच्या या कामाला आपल्या किनाऱ्याचाहि हातभार लागला आहे, हें फारसें कोणाला ठाऊक नसतें. कोचीनचा डच अधिकारी व्हान ऱ्हेडे यानें मलबारच्या वनस्पतींवर 'होर्तुस मलबारिकुस' हा १२ खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळांत अॅम्स्टरडॅम येथें छापविला. त्याला इट्टी अच्युतन् या मलयाळी वैद्यानें आणि रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट या तिघां कोंकणी वैद्यांनीं झाडांचीं नांवें व गुणधर्म सांगितले. या तिघांचें कोंकणी भाषेंतील, देवनागरी अक्षरांतील प्रमाणपत्र त्या ग्रंथांत छापलेलें आहे. लिनियसनें पुढें या ग्रंथाचा पुष्कळ उपयोग केला.

आतां वर्गीकरणाच्या पायऱ्या कशा असतात तें पाहूं. आणि त्यासाठीं दूर न जातां आपल्या उशाशीं गुणगुणणारा डासच घेऊं. तो चालतो-फिरतो, आयतें अन्न खातो, म्हणून त्याची सृष्टि प्राण्यांची. अंगावर कठीण कवच आणि पाय सांध्यासांध्यांचे, म्हणून संघ संधिपादांचा. येथें विंचू, खेकडा आणि गोम हे त्याचे लांबचे सोयरे भेटतात. पाय सहा, म्हणून वर्ग कीटकांचा; येथें विंचू व खेकडा मागें पडले. पंख दोनच, म्हणून गण द्विपंखांचा. चार पंखांचीं फुलपाखरें आणि मधमाश्या येथें गळल्या, घरांतली माशी मात्र अजून सोबतीला आहे. लांब सोंड आणि पंखांच्या शिरांवर खवले, म्हणून कुल डासांचें. येथें माशीनेंहि निरोप घेतला. शेवटीं राहिल्या दोन पायऱ्या, प्रजाति आणि जाति. जगांत डासांच्या सुमारें साडेतीन हजार जाती आतांपर्यंत नोंदल्या गेल्या आहेत. कोणी म्हणेल, डास तो डास! त्याची जात विचारून काय करावयाचें? या प्रश्नाचें उत्तर माणसाला फार मोठी किंमत देऊन मिळालें आहे.

हिंवतापाचे जंतु डासाच्या पोटांत वाढत असावेत, अशा तर्कानें रोनाल्ड रॉस हा लष्करी डॉक्टर १८९५ पासून सिकंदराबादेस डास चिरून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहत होता. दोन वर्षें त्याच्या हातीं कांहींच लागेना. त्याची चिकाटी कमी नव्हती, तर्कहि चुकला नव्हता. चुकत होती ती डासाची जात. तो तपासत होता ते बहुतेक डास हिंवतापाचे वाहकच नव्हते. अखेर पंखांवर ठिपके असलेला एक निराळा डास त्याला मिळाला, आणि २० ऑगस्ट १८९७ रोजीं त्याच्या जठराच्या भिंतींत ते जंतु वाढतांना दिसले. हा ठिपक्यांचा डास म्हणजे अॅनॉफिलिस प्रजातीचा डास. या शोधाच्या मार्गावर रॉसला १९०२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आणि माणसाच्या हिंवतापाचा वाहक अॅनॉफिलिसच होय, हें इटलींतील ग्रासी व त्याच्या सहकाऱ्यांनीं १८९८ सालीं सिद्ध केलें.

परंतु प्रजाति कळली म्हणून काम भागलें नाहीं. अॅनॉफिलिसच्याच साडेचारशेंहून अधिक जाती आहेत. त्यांतल्या थोड्याच माणसाला हिंवताप देतात, आणि प्रत्येकीची अंडीं घालण्याची जागा निराळी. एक भातखाचरांत वाढते, एक वाहत्या ओढ्याच्या कांठीं, एक सावलींतल्या पाण्यांत. मुंबईंत हिंवतापाचा जोर झाला, तेव्हां डॉ. बेंटले यांनीं शहराची पाहणी करून १९११ सालीं अहवाल दिला. शहरांतील हिंवतापाचा वाहक अॅनॉफिलिस स्टीफेन्सी ही जाति असून ती घरोघरच्या विहिरींत आणि हौदांत, स्वच्छ पाण्यांत वाढते, असें त्यांनीं दाखविलें. या जातीचें वर्णन लिस्टन या शास्त्रज्ञानें अवघ्या दहा वर्षांपूर्वीं, १९०१ सालीं, केलेलें होतें. गटारें कितीहि धुतलीं असतीं तरी हा डास हटला नसता, कारण गटारांत वाढतो तो क्यूलेक्स. विहिरी झांकण्याचा व बुजविण्याचा प्रश्न निघाला, तेव्हां धार्मिक भावना दुखावल्या आणि पुष्कळ विरोध झाला. कारण ज्या पाण्याला आपण पवित्र मानतों तेंच रोगाचें माहेर, हें मनाला कसें पटावें? परंतु जातीची ओळख पटल्यामुळें लढाई कोठें द्यावयाची तें ठिकाण तरी निश्चित झालें.

ही हकीकत जुनी म्हणून सोडून देतां येत नाहीं. विहिरी गेल्या, तरी गच्चीवरच्या टांक्या आल्या, आणि स्टीफेन्सीला त्या तितक्याच मानवल्या. हाच डास २०१२ सालीं आफ्रिकेंतील जिबुती येथें आढळला आणि तेथून शेजारच्या देशांत पसरला. आफ्रिकेंतला हिंवताप मुख्यतः खेड्यांचा; शहरांतल्या टांक्यांत वाढणारी ही जाति तेथील नगरांनाहि त्याच्या तडाख्यांत आणील, अशी आरोग्यखात्यांस चिंता लागलेली आहे.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. ही व्यवस्था जीवांतच असते ती कां? याचें उत्तर चार्ल्स डार्विन यानें १८५९ सालीं दिलें. देवमासा आणि माणूस यांच्या हाडांचा क्रम एक, कारण दोघांचा पूर्वज एक. वर्गीकरणाच्या पायऱ्या म्हणजे एका अफाट वंशवृक्षाच्या फांद्या होत. आणि प्रजाति, कुल, गण हे शब्द भाऊबंदकीच्या पिढ्या सांगतात. तेव्हांपासून वर्गीकरण हें डबे लावण्याचें काम राहिलें नाहीं. तें घराण्याची वंशावळ शोधण्याचें काम झालें.

वंशावळ शोधूं लागलें कीं कधीं अनपेक्षित नातलग निघतात. लिनियसच्या काळीं वनस्पति आणि प्राणी असे जीवांचे दोनच भाग होते. १९६९ सालीं व्हिटेकर यानें पांच सृष्टि मानल्या: मोनेरा, प्रोटिस्टा, कवकें, वनस्पति आणि प्राणी. पुढें १९७७ सालीं कार्ल वोज व जॉर्ज फॉक्स यांनीं पेशींतील रायबोसोमच्या आर.एन.ए. या द्रव्याची तुलना करून, जीवाणूंसारखे दिसणारे पण त्यांच्याहून मुळांतच वेगळे असे आर्किया नांवाचे जीव दाखवून दिले. त्याच रीतीच्या तुलनेनें आणखी एक गोष्ट उघड झाली. भाकरीवर येणारी बुरशी आणि पावसाळ्यांत उगवणारीं अळंबीं आपण झाडांच्या पंक्तीला बसवीत होतों. परंतु नात्यानें तीं झाडांपेक्षां प्राण्यांना, म्हणजे आपल्याला, अधिक जवळचीं आहेत.

हें ऐकून कोणी हंसेल; पण दवाखान्यांत तें हंसण्यावारी नेतां येत नाहीं. पेनिसिलिन जीवाणूच्या पेशीभित्तीवर घाव घालतें. तसली भिंत आपल्या पेशींना नसते, म्हणून जीवाणु मरतो आणि रोगी वांचतो. बुरशीची पेशी मात्र आपल्या पेशीशीं पुष्कळ सारखी. तिला मारणारें औषध आपल्यालाहि बाधण्याचा संभव अधिक, म्हणून शरीरांत खोल शिरलेल्या बुरशीचे रोग बरे करणें अवघड जातें. आणि साध्या पडशाचे विषाणु तर यांपैकीं कोणत्याच सृष्टींत बसत नाहींत. त्यांना ती पेशीभित्तिहि नाहीं आणि स्वतःची पेशीहि नाहीं. पडशावर पेनिसिलिनसारखें औषध मागून घेणारा मनुष्य वर्गीकरणाचीच चूक करीत असतो. त्या चुकीनें पडसें तर जात नाहींच. उलट शरीरांतले इतर जीवाणु मात्र औषधाला निर्ढावतात.

आपल्याकडे ८४ लक्ष योनि सांगितल्या आहेत. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय अंदाजाप्रमाणें, जीवाणु व आर्किया सोडून, पृथ्वीवर सुमारें ८७ लक्ष जाती असाव्यात. हे दोन आंकडे जवळ आले हा निव्वळ योगायोग होय. त्यावरून कसलाहि अभिमान बाळगण्याचें कारण नाहीं. विचार करण्याजोगी गोष्ट दुसरीच आहे. यांपैकीं नांव देऊन नोंदलेल्या जाती अवघ्या २० लक्षांच्या आसपास आहेत. सह्याद्रींतला जांभळ्या रंगाचा, बहुतेक वर्षभर जमिनीखालीं राहणारा एक बेडूक केरळांतून २००३ सालीं प्रथम शास्त्राच्या वहींत चढला. आणि त्याचे जवळचे नातलग दूर हिंदी महासागरांतल्या सेशेल्स बेटांवर निघाले. त्याचें रान आधींच तुटलें असतें, तर आपण काय गमावलें हेंहि आपणांस कळलें नसतें. नांव नसलेल्या जीवाचें रक्षण करा, असें कोणाला सांगावें?

हें शास्त्र आरंभण्यास घरांत मोठी सामुग्री लागत नाहीं. भिंतीवर बसलेला डास मारण्यापूर्वीं क्षणभर पाहावा. डोकें खालीं व शेंपटीकडचा भाग वर करून तो तिरका बसला असेल, तर तो अॅनॉफिलिस. अंग भिंतीला समांतर धरून बसला, तर बहुधा क्यूलेक्स. काळ्या पायांवर पांढरे पट्टे असून दिवसाढवळ्या चावत असेल, तर तो डेंग्यू पसरविणारा एडीस. पहिल्यासाठीं गच्चीवरची टांकी घट्ट झांकावी, दुसऱ्यासाठीं तुंबलेलें गटार मोकळें करावें, आणि तिसऱ्यासाठीं कुंड्यांखालच्या बशा व फुलदाण्यांतलें पाणी आठवड्यांतून एकदां ओतून टाकावें. तीन जीव, तीन नांवें आणि तीन उपाय. कोणता उपाय कोठें करावयाचा, हें ज्याला त्या जीवाचें नांव ठाऊक आहे त्यालाच सांगतां येईल.