होडीवरचं बिऱ्हाड

शाळेच्या संमेलनासाठी मेकअप करून विंगेत ताटकळलेल्या मुलांनो,

सूत्रसंचालक ताईंनी माझी ओळख ‘समुद्रावर राहणारे साहसी गृहस्थ’ अशी करून दिली. त्यातलं ‘गृहस्थ’ तेवढं खरं. निवृत्तीनंतर मी आणि बायकोनं मलेशियातल्या लंकावी बेटावर ३४ फुटांची जुनी शिडाची बोट घेतली आणि तिच्यावरच बिऱ्हाड थाटलं. आता वादळं नि देवमासे ऐकायला मिळणार, असं तुम्हाला वाटत असेल. पण नुकती घेतलेली बोट पहिले काही महिने समुद्राकडे बघूच देत नाही. फळ्या उचलून खाली काय चाललंय तेच बघावं लागतं.

घरी नळ सोडला की पाणी येतं. बोटीवर टाकीतलं संपलं की रबरी होडीतून किनाऱ्यावर जाऊन कॅन भरून आणायचे. म्हणून भांडी समुद्राच्या पाण्यात घासायची, गोडं पाणी फक्त विसळायला. वीज सौर पॅनेलची, बारा व्होल्ट. त्यातली बरीचशी एकटा फ्रिज खातो. शिशाच्या बॅटऱ्या वारंवार निम्म्याखाली उतरवल्या तर लवकर निकामी होतात. त्यामुळे आभाळ भरून आलं की फ्रिज बंद, जेवायला वरण-भात नि लोणचं. बायको म्हणते, आमची आजी जन्मभर अशीच राहिली, तिला कुठल्या संमेलनाला बोलावलं नाही!

आता थोडं भोकांविषयी. हसा, पण ऐका. बोटीच्या बुडाला मुद्दाम पाडलेली भोकं असतात : इंजिन थंड करायला पाणी आत घेणारं, मोरीचं, संडासाचं. प्रत्येकाला झडप, आणि झडपेशेजारी दोरीनं बांधलेली मऊ लाकडाची निमुळती खुंटी. झडप तुटली तर खुंटी ठोकायची. लाकूड भिजून फुगतं आणि भोक बुजतं. आम्ही सगळ्या झडपांचा नकाशा काढून दारामागे लावलाय. पाहुणा आला की चहाआधी त्याला तो दाखवतो.

बोटीच्या डागडुजीतून मोठे खलाशीही सुटले नाहीत. खलाशी जोशुआ स्लोकम यांना ‘स्प्रे’ नावाची मोडकी होडी फुकट मिळाली होती. ती नव्यानं उभी करायला त्यांना १३ महिने लागले. १८९५ मध्ये ते बोस्टनहून निघाले आणि १८९८ मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले खलाशी म्हणून परतले. आपल्याकडे गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात ‘म्हादेई’ ही शिडाची बोट बांधली जात होती, तेव्हा खलाशी दिलीप दोंदे तिच्या बांधणीत गुंतलेले होते. मग २००९-१० मध्ये ते तिच्यातून एकटे जग फिरून आले. वर्तमानपत्रांत प्रवास येतो. मला विचाराल तर यार्डातला काळ जास्त वाचण्यासारखा आहे.

मघाशी एका मुलीनं विचारलं, “काका, भीती कशाची वाटते?” लाटांची नाही गं. स्वयंपाकाच्या गॅसची. तो हवेपेक्षा जड. घरात गळला तर खिडकी-दारातून निघून जाऊ शकतो. बोटीत तो तळाशी साचून राहतो आणि एक ठिणगी पुरते. म्हणून चहा झाला की शेगडी बंद करून भागत नाही, सिलिंडरही बंद करायचा. आमच्याकडे दोघांपैकी एक विचारतो आणि दुसरा पुन्हा जाऊन बघतो. रोज. यावरून भांडणंही झाली आहेत, ती इथे सांगत नाही.

कोळीनृत्याची मंडळी माझ्याकडे रागानं बघायला लागली आहेत. या, रंगमंच तुमचा.