नांगरलेल्या बोटीचा दिवा



‘नांगर’ हा शब्द आमच्या राहात्याच्या शिवारात उच्चारला, की डोळ्यांपुढे उलथलेली काळी ढेकळे येतात. हाच शब्द रत्नागिरीच्या खाडीकाठी उच्चारला, तर साखळीच्या टोकाचा, पाण्याच्या तळाशी जाऊन रुतणारा लोखंडी आकडा दिसतो. आमचा नांगर जमीन उलथतो, त्यांचा नांगर जमीन धरून बसतो. आज मी बोलणार आहे ते दुसऱ्या नांगराबद्दल; खरे म्हणजे नांगर टाकून रात्री उभ्या असलेल्या बोटीवर जो दिवा लावतात, त्या दिव्याबद्दल.

गोदावरी कालव्याच्या आवर्तनापलीकडे पाणी न पाहिलेल्या माणसाने समुद्रावर का बोलावे, असे कुणी विचारील. तर माझी मुलगी रत्नागिरीकडे दिली आहे. व्याही उभी हयात जहाजांवर खलाशी होते आणि जावई बोटींच्या वायरिंगची कामे करतात. त्यांच्या पडवीत आमच्या पेरूच्या भावाला कुणी विचारत नाही. तिथे बोलणे चालते ते बॅटरीचे आणि दिव्यांचे. मागच्या खेपेला विषय होता एका हौशी गृहस्थांच्या चौतीस फुटी शिडाच्या बोटीचा. बायकामुलांसह गोव्यापर्यंत जायचे, दिवसा शीड उभारायचे, रात्री एखाद्या खाडीत मुक्काम करायचा, असा बेत. नांगरावरचा दिवा कोणता घ्यावा, एलईडी घ्यावा तर कसा पारखावा, यावर दोन रात्री चर्चा झाली. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो होतो.

सागरी प्रवास म्हटला की आपल्याला ‘म्हादेई’ आठवते. गोव्यात मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली ही नौका घेऊन नौदलाचे दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. वाटेत त्यांनी चार बंदरे घेतली. त्यांच्यानंतर अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये त्याच नौकेतून कुठेही न थांबता जाऊन आले. २०१७-१८ मध्ये तिथेच बांधलेल्या ‘तारिणी’तून नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी जगाला वळसा घातला आणि २०२४-२५ मध्ये दोघींनीच तो पुन्हा घातला. या गोष्टी अभिमानाच्या आहेत, पण त्यांत नांगरावरच्या दिव्याला फारसे काम नाही. टॉमींच्या प्रवासात तर नांगर टाकण्याचा प्रश्नच नव्हता. किनाऱ्याकिनाऱ्याने जाणाऱ्या घरगुती बोटीचे उलटे असते. ती रात्री चालतच नाही, उभी असते. तिच्यावर सगळ्यांत जास्त तास जळणारा दिवा हाच.

हा दिवा बोटीवरच्या माणसाला दिसावे म्हणून नसतो; तो इतरांना दिसावा म्हणून असतो. आमच्याकडे ऊसतोडणीच्या हंगामात नगर-मनमाड रस्त्याच्या कडेला पंक्चर झालेली ट्रॉली अंधारात उभी असते. मागे दिवा नाही, पोत्याएवढेही चमकणारे काही नाही. मागून मोटारसायकलवर येणाऱ्या पोराचे काय होते, ते मी तुम्हाला सांगायला नको. ट्रॅक्टरवाल्याला विचारले तर म्हणतो, “दिवा लावला की बॅटरी उतरती. सकाळी धक्का कोण मारणार?” हेच कारण बोटवाल्यांनीही वर्षानुवर्षे दिले आहे. आणि बोटीला तर धक्का मारायलाही कुणी नसते.

समुद्रावरच्या टकरी टाळण्यासाठी आंतरराष्ट्रीय नियम आहेत. ते १९७२ साली ठरले आणि १९७७ पासून लागू झाले. पन्नास मीटरपेक्षा लहान बोटीने नांगरावर असताना सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत, चांगला दिसेल अशा जागी, सगळ्या बाजूंनी दिसणारा एक पांढरा दिवा लावावा, असे ते सांगतात. चौतीस फुटी बोटीचा हा दिवा दोन सागरी मैलांवरून, म्हणजे सुमारे ३.७ किलोमीटरवरून दिसला पाहिजे. सात मीटरच्या आतल्या होडीला रहदारीपासून दूर असल्यास सूट आहे, पण आपली बोट त्यात बसत नाही.

मला नवल वाटले ते पुढच्या आकड्याचे. दोन मैलांसाठी त्या नियमांत ४.३ कँडेला एवढी तीव्रता मागितली आहे. एक कँडेला म्हणजे ढोबळमानाने एका मेणबत्तीचा एका दिशेला जाणारा उजेड. म्हणजे हवा स्वच्छ असेल तर चार-साडेचार मेणबत्त्यांचा उजेड दोन मैलांवर पोचतो! मग दुकानदार “साहेब, हा घ्या, डोळे दिपतील” म्हणतो, त्यात काय अर्थ? हवा तो उजेड क्षितिजाच्या दिशेने आणि चहूबाजूंना सारखा. आभाळाकडे आणि खाली फळ्यांवर सांडलेला उजेड म्हणजे चारीच्या फुटक्या बांधातून वाहून गेलेले पाणी. चांगल्या एलईडी दिव्यात बारीक दिव्यांचे कडे असते आणि ते उजेड आडव्या पट्ट्यात फेकते. म्हणून दोन वॅटमध्येही काम भागते.

आता हिशेब पाहा. बोटीची बॅटरी बारा व्होल्टची असते. जुना दहा वॅटचा बल्ब बारा तास जळला तर दहा एएच वीज खातो, पंचवीस वॅटचा असेल तर पंचवीस. दोन वॅटचा एलईडी रात्रभरात दोनच एएच खातो. आपली नेहमीची शिशाची बॅटरी शंभर एएचची असली तरी टिकवायची असेल तर निम्म्याहून जास्त उपसू नये. त्या पन्नासात रेडिओ आहे, जीपीएस आहे, पाण्याचा पंप आहे, पोरांचे मोबाइल आहेत. पंचवीसचा बल्ब एकटाच निम्मी शिदोरी खाऊन टाकतो. मग माणूस मध्यरात्री उठून म्हणतो, ‘इथे कोण येतंय’, आणि दिवा बंद करतो. किंवा बंद करत नाही, आणि पहाटे वारा फिरतो, नांगर फरफटतो, बोट खडकाकडे जाऊ लागते, आणि इंजिन चालू करायला बॅटरीत जीव नसतो. एलईडीने ही निवडच काढून टाकली. विजेची बचत म्हटले की आपल्याला महिन्याचे बिल आठवते. इथे बचत झालेल्या विजेवर इंजिन चालू होते.

म्हणून एलईडी घ्यावा, याबद्दल पडवीत वाद नव्हता. वाद होता कोणता घ्यावा याचा. २०१५ पासून ‘उजाला’ योजनेतून एलईडी बल्ब घरोघरी पोचले, त्यामुळे एलईडी म्हणजे सगळे एकच, असे आपल्याला वाटते. घरातला बल्ब घरासाठी असतो. बोटीवर खारा वारा असतो आणि बॅटरीचा दाबही एकसारखा नसतो. चार्ज होताना तो साडेचौदापर्यंत चढतो, रात्री बाराच्या आसपास उतरतो. दाब कमीजास्त झाला तरी उजेड तोच ठेवणारे सर्किट दिव्यात हवे. हे सर्किट स्वस्तातले असेल तर वेगळाच उपद्रव करते. त्यातून निघणाऱ्या विद्युतलहरी बोटीच्या व्हीएचएफ रेडिओत घुसतात. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१८ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. दिवा चालू आणि मदतीची हाक कुणाला ऐकूच जात नाही, असे होऊ शकते. परीक्षा सोपी आहे. रेडिओ शांत चॅनेलवर ठेवायचा, खरखर जेमतेम थांबेल इथपर्यंत बटण फिरवायचे आणि मग दिवा लावायचा. खरखर परत आली तर तो दिवा दुकानदाराला परत.

बागेतले सोलर दिवे काही जण टांगतात. ते दिवसाचे ऊन साठवतात आणि रात्री दोन वाजता दम टाकतात. लुकलुकणारे दिवे तर नकोतच, नांगरावरच्या बोटीची ती खूण नव्हे. जुन्या दिव्याच्या काचेत फक्त एलईडी बल्ब बसवणेही मला तितकेसे पटले नाही. ती काच जुन्या तारेच्या जागेचा हिशेब करून घडवलेली असते. दोन मैलांचे प्रमाणपत्र असलेला सबंध दिवाच घ्यावा. महाग पडतो, पण चौतीस फुटी बोट बाळगणाऱ्याने इथे काटकसर करू नये.

एलईडी या शब्दाला कोकण किनाऱ्यावर वाईट वास आहे, हेही सांगितले पाहिजे. प्रखर एलईडी दिवे पाण्यावर सोडून मासळी गोळा करायची आणि जाळे ओढायचे, ही मासेमारी. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये तिच्यावर बंदी घातली, तरी पारंपरिक मच्छीमारांची तक्रार संपलेली नाही. अशा झगमगाटाजवळ आपला चार मेणबत्त्यांचा दिवा कुणाला दिसणार?

सगळ्यांत रंगलेला वाद दिव्याच्या जागेचा होता. जावयांचे म्हणणे, डोलकाठीच्या टोकाला लावावा, तिथून चहूकडे निर्वेध दिसतो. व्याही म्हणाले, “भाईसाहेब, पहाटे होडीवाला जाळी घेऊन निघतो तो समोर पाण्याकडं बघतो, आभाळाकडं नाही. चाळीस फुटांवरचा दिवा त्याला चांदणी वाटतो.” लांबून येणाऱ्या ट्रॉलरला उंच दिवा सोयीचा, पण खाडीत खरी भीती जवळून येणाऱ्या छोट्या होडीची, आणि त्या होडीतल्या माणसाचीही. मला व्याह्यांचे पटले. ‘चांगला दिसेल अशा जागी’ एवढेच नियम म्हणतो. टोकालाच लावा असे म्हणत नाही. शेवटी ठरले ते असे: फळ्यांपासून आठ-नऊ फुटांवर पुढच्या दोराला टांगायचा बंदिस्त एलईडी आणि बोटीच्या मागच्या भागात उजेड पडावा म्हणून आणखी एक मिणमिणता दिवा. नांगरावर असताना बोट उजळून ठेवायला नियमांची मुभाच आहे. अंधार पडला की आपोआप लागणारा सेन्सर व्याह्यांना नको होता. सूर्य बुडताना माणसाने स्वतः उठून दिवा लावावा आणि लागला का ते पाहावे, असे त्यांचे म्हणणे.

आणि जावयांनी त्या गृहस्थांना एक काम लावून दिले. पहिल्या मुक्कामाच्या रात्री छोटी होडी सोडायची, दोनशे पावले लांब जाऊन बोटीभोवती पूर्ण फेरी मारायची. डोलकाठी, गुंडाळलेले शीड, अँटेना यांमागे दिवा कुठे लपतो का, ते बघायचे. जिथे लपला, तिथून दोर थोडा सरकवायचा आणि पुन्हा फेरी मारायची.