यंत्राचा श्वास

मोटारसायकलीच्या टाकींत पेट्रोल किती घातलें, हें तिचा मालक तोंडपाठ सांगूं शकतो. परंतु तिनें हवा किती ओढून घेतली, असें विचारल्यास तो गोंधळतो. वास्तविक हिशेब सोपा आहे. एक भाग पेट्रोल नीट जळण्यास वजनानें सुमारें १५ भाग हवा लागते. या मापानें एका लिटर पेट्रोलमागें ९ ते १० हजार लिटर हवा इंजिनाच्या पोटांत जाते. पेट्रोलला पैसे मोजावे लागतात, म्हणून त्याच्यावर सर्वांचें लक्ष. हवा फुकट मिळते, म्हणून ती कशी आहे याची कोणी चौकशी करीत नाहीं. ती स्वच्छ करून आंत सोडण्याचें काम जी वस्तु करिते, तिला एअर फिल्टर, म्हणजे हवेची गाळणी, म्हणतात. तिची निगा कशी राखावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

पक्क्या सडकेवरून कचेरींत जाण्यायेण्यापुरती गाडी वापरणाऱ्यास ही गाळणी बरेच महिने विसरतां येते. परंतु कोल्हापुराहून रविवारीं सकाळीं पन्हाळा, जोतिबा, राधानगरी या बाजूंस निघणारे कित्येक तरुण हल्लीं मुद्दाम डांबरी रस्ता सोडून कच्च्या वाटेला लागतात. खांचखळगे आणि चढउतार यांसाठींच बनविलेल्या उंच मोटारसायकलींना ‘डर्ट बाईक’ असें नांव आहे. २०२४ सालीं पुण्यास बालेवाडीच्या क्रीडासंकुलांत मातीचीं टेकाडें रचून अशा गाड्यांची शर्यत झाली, यावरून या खेळाची आवड किती पसरली आहे हें दिसतें. या गाड्यांचा मुलूख म्हणजेच धुळीचा मुलूख. कोल्हापूरच्या पश्चिमेकडील तांबडी माती उन्हाळ्यांत पिठासारखी बारीक होते. इतरत्र ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टर व बैलगाड्या शेतवाटांचा पार भुगा करितात. चारपांच गाड्या एकामागून एक चालल्या, कीं पुढच्याची धूळ मागच्याच्या इंजिनांत जाते, आणि सर्वांत शेवटचा सर्वांत अधिक धूळ खातो.

ही धूळ काय करिते, हें कोल्हापूरकरांस फारसें समजावून सांगावें लागूं नये. या शहराच्या फौंड्रींतून इंजिनांचे भाग वाळूच्या साच्यांत ओतले जातात, आणि चिकटलेली वाळू झाडून काढल्यावांचून ओतलेला भाग पुढच्या कामास लागत नाहीं. वाळूंतील गारेचे कण साध्या पोलादाहूनहि कठीण असतात. उलट सिलिंडर व पिस्टन यांमधील फट मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शांत मोजावी लागते. तेथें हे कण शिरून तेलांत मिसळले, कीं त्यांचें घासण्याचें मलम तयार होतें आणि इंजिन स्वतःलाच झिजवूं लागतें. प्रथम पिस्टनच्या रिंगा झिजतात. मग दाब कमी पडतो, शक्ति घटते, तेल जळूं लागतें आणि मागें निळसर धूर दिसतो. धूर दिसल्यावर गाळणी बदलणें म्हणजे वरातीमागून घोडें. उद्यमनगरांतील कारागीर झिजलेलें सिलिंडर दुरुस्त करून देतील. परंतु गाळणीची किंमत शेंकड्यांत असेल, तर त्या कामाचा खर्च हजारांत जातो.

गाळण्या मुख्यतः दोन प्रकारच्या. रोजच्या वापराच्या पुष्कळ मोटारसायकलींत घड्या घातलेल्या कागदाची गाळणी असते. ती धुवावयाची नसते. कांहींचा कागद तर कारखान्यांतच तेलविलेला असतो. त्यावर जोराच्या हवेचा झोत मारणें म्हणजे ती निकामी करणें होय. गाडीबरोबरच्या पुस्तिकेंत दिलेलें अंतर चालून होतांच, आणि वापर धुळींत असल्यास त्यापूर्वींच, ती बदलावी. खास मातीच्या गाड्यांत बहुधा स्पंजाची गाळणी असते. नुसता स्पंज मात्र पुरत नाहीं. त्याला चिकट तेल लावलेलें असतें, आणि बारीक धूळ अडते ती त्या तेलाला चिकटून. जुन्या ट्रॅक्टरांत हवा तेलाच्या वाटीवरून फिरवून आंत नेत, तत्त्व तेंच.

स्पंजाची गाळणी धुण्याचें काम घरच्या अंगणांत होण्यासारखें आहे. आधीं गाडी बाहेरून पुसून घ्यावी. बैठक किंवा बाजूचें झांकण काढून गाळणी हलक्या हातानें बाहेर घ्यावी; ती झटकली तर धूळ थेट इंजिनाच्या वाटेंत पडते. ती वाट स्वच्छ फडक्यानें बंद करून पेटी ओल्या कापडानें पुसावी, आणि फडकें पुढें आठवणीनें काढावें. नंतर स्पंज सांगाड्यावरून उतरवून गाळणीसाठीं मिळणाऱ्या खास द्रावांत, तो नसल्यास घासलेटांत, दाबून दाबून जुनें तेल काढावें. मग साबणाच्या कोमट पाण्यानें धुवून स्वच्छ पाण्यांत खळबळावा. पेट्रोल कधींहि वापरूं नये. त्यानें स्पंजाचे सांधे सुटतात, आणि आगीचें भय तें निराळेंच. धोतर पिळावें तसा स्पंज पिळूंहि नये, नाहीं तर तो फाटतो. दोन तळव्यांत दाबावा आणि सावलींत पूर्ण वाळूं द्यावा. उरलेला तेलकट द्राव गटारांत ओतूं नये. शहराचें सांडपाणी अखेर पंचगंगेची वाट धरितें. जुनें तेल गोळा करणाऱ्या गॅरेजांत तो द्यावा.

वाळलेल्या स्पंजाला गाळणीचें तेल लावून, कणीक मळावी तसें तें सर्वत्र मुरवावें. रंग एकसारखा दिसला म्हणजे तेल सगळीकडे पोंचलें. कोरडा डाग राहिला तर तेवढें दार धुळीला उघडें. तेल निथळत राहिलें तर हवेची वाट बंद. म्हणून जास्तीचें तेल दाबून काढावें. काठाला थोडें ग्रीस लावून गाळणी बसवावी, आणि ती चोहों बाजूंनीं टेकली आहे ना, हें बोटानें चांचपावें. वांकड्या बसलेल्या उत्तम गाळणीचा कांहीं उपयोग नाहीं. हवा नेहमीं सोपी वाट शोधते.

गाळणी चोंदली तर गाडी तक्रार करिते. चढावर तिला दम लागतो, आणि कार्ब्युरेटरची गाडी असल्यास पेट्रोल अधिक जातें व प्लग काळा पडतो. गाळणी फाटली तर मात्र गाडी कांहींच बोलत नाहीं, आणि आंत झीज चालूच असते. म्हणून चोंदण्यापेक्षां फाटण्याचें भय अधिक बाळगावें. धुतलेला स्पंज उजेडाकडे धरून पाहावा. सांधा उसवलेला, काठ फाटलेला किंवा बोटांनीं चोळतां चुरा पडणारा स्पंज विनाविलंब टाकून द्यावा. त्याला टांका घालण्याची काटकसर महागांत पडते. गाळणीच्या आंतल्या बाजूस, नळीच्या तोंडाशीं, धुळीचा पापुद्रा दिसला तर तीहि धोक्याचीच खूण समजावी.

धुळीच्या प्रत्येक फेरीनंतर गाळणी पाहावी, आणि पावसाळ्यांत ओढ्याच्या पाण्यांतून गाडी गेली असल्यासहि पाहावी. दोन स्पंज बाळगणें सोयीचें. एक गाडींत, दुसरा धुवून, तेलवून पिशवींत बंद. मुलाला नवी गाडी घेऊन देतांना वडील मंडळी हेल्मेटचा आग्रह धरितात, तो योग्यच आहे. त्याबरोबर गाळणी धुण्याचा पाठहि एकदां त्याच्याकडून गिरवून घ्यावा. पाणी गाळून पिण्याची रीत आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. यंत्राच्या हवेलाहि तीच रीत लावावयाची, इतकेंच.