शाळेचा जून आणि दक्षिणेकडे पडणारी सावली

जूनच्या मध्यावर छत्रपती संभाजीनगरमधील शाळा भरू लागतात, तेव्हा सहावी ते आठवी या उच्च प्राथमिक स्तरावरील गणित-विज्ञानाच्या शिक्षकापुढे दोन विषय आणि एकच सुरुवात असते. कारण २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने या स्तरावर विज्ञान आणि गणित यांसाठी मिळून किमान एक शिक्षक अपेक्षिला असून, वर्षाला २२० दिवस व १००० तासांचे अध्यापन ठरवून दिले आहे. ही सांगड कागदावर सोयीची दिसते. वर्गात मात्र ती जुळवावी लागते, आणि त्यासाठी शाळेचे पटांगण पुरेसे असते.

हे शहर साधारण १९.९ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने, १५ जूनच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेस असतो आणि ऊन पडलेच, तर एक मीटर उभ्या काठीची जेमतेम सहा सेंटिमीटरांची सावली चक्क दक्षिणेकडे पडते. हे मध्यान्ह घड्याळातील बाराला न होता साडेबाराच्या आसपास होते, कारण भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून मोजली जाते व शहर त्याच्या सुमारे सात अंश पश्चिमेस आहे. २१ जूननंतर सावली रोज थोडी आखडत जाऊन २३-२४ जुलैच्या सुमारास, म्हणजे शून्य सावलीच्या दिवशी, काठीच्या बुडाशीच नाहीशी होते. वहीत मोजमापे लिहिताना गुणोत्तर, कोन आणि पृथ्वीचा कललेला अक्ष एकाच पानावर येतात. आषाढाचे ढग आड आले, तर त्या तारखेपुढील रकाना कोराच ठेवावा लागतो.