पाट मांडले म्हणून भात वाढत नाही
(आकाशवाणीवरील भाषणाची संहिता)



मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे 'कामाचा लॅपटॉप आणि त्याला जोडायची उपकरणं'. उपकरणं पुष्कळ आहेत. मी मात्र आज एकाच वस्तूबद्दल बोलणार आहे, ती म्हणजे यूएसबी हब. लॅपटॉपच्या एका पोर्टचे चार किंवा सात पोर्ट करून देणारी ती छोटी पट्टी. तिच्याबद्दलही मला एकच प्रश्न विचारायचा आहे: त्या हबला स्वतःची वीज आहे का? हा प्रश्न मी मधूनमधून पुन्हा विचारणार आहे. कारण आयुष्यभर उपकरणं जोडण्यात आणि दुरुस्त करण्यात गेल्यावर माझी खात्री झाली आहे, की लॅपटॉपच्या माथी मारलेल्या पुष्कळ तक्रारींचं मूळ तिथे असतं.

माझी भाची सीए आहे. लग्न होऊन ती मोहालीला गेली, सेक्टर 67 मध्ये राहते. घरात आम्ही सगळे तिला 'चंदीगडची' म्हणतो, कारण सेक्टरांचे आकडे चंदीगडात सुरू होतात आणि तसेच पुढे मोहालीत जातात. पत्ता मात्र पंजाब राज्यातला, साहिबजादा अजितसिंग नगरचा. औषधनिर्माणशास्त्राची 'नायपर' ही राष्ट्रीय संस्था आहे ना, ती त्याच सेक्टरमध्ये. भाचीचे निम्मे क्लायंट अजून आपल्याकडचे, नाशिक-धुळ्याचे. त्यामुळे तिचं ऑफिस म्हणजे घरातलं एक टेबल आणि त्यावरचा लॅपटॉप.

त्या लॅपटॉपला यूएसबीचे पोर्ट दोनच. एकात माउसचा रिसीव्हर आणि दुसऱ्यात चार पोर्टचा हब. हबमध्ये डिजिटल सही करायचं डीएससी टोकन, कागदांचा स्कॅनर, वेबकॅम आणि बॅकअपची हार्डडिस्क. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा होता. टॅक्स ऑडिटचे अहवाल भरायची धांदल तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. रात्री अकराला तिचा फोन.

"मामा, टोकन मध्येच दिसेनासं होतं. सही होता होता तुटते. ड्रायव्हर तीनदा टाकून झाला."

मी विचारलं, "आणि हार्डडिस्क काय करते आहे?"

"ती मघापासून टक् टक् आवाज करते आहे. पण तिचं राहू दे, आधी टोकनचं सांग."

"अगं, हबला वीज कुठून येते?"

"म्हणजे? लॅपटॉपमधूनच ना!"

तिथेच सगळं कळलं. मी तिला डिस्क रीतसर बंद करून काढायला सांगितली, माउसचा रिसीव्हर हबमध्ये सरकवायला आणि डिस्क थेट लॅपटॉपला लावायला सांगितली. वीस मिनिटांत सह्या झाल्या. पण त्या टकटकीत डिस्कवरचं एक फोल्डर बिघडलं होतं. दोन क्लायंटचे सगळे कागद तिला पुन्हा स्कॅन करावे लागले. पहाट झाली त्याला.

आता हे झालं कसं? आपल्या पंगतीवरून सांगतो.

लॅपटॉप हा यजमान. इंग्रजीतही त्याला यजमान याच अर्थाचा शब्द आहे, होस्ट. जोडलेलं प्रत्येक उपकरण म्हणजे पानावर बसलेला पाहुणा. जुन्या, म्हणजे यूएसबी 2 च्या पोर्टवर यजमान एका पाहुण्याला 5 व्होल्टला 500 मिलीअँपिअर वाढतो. यूएसबी 3 च्या पोर्टवर 900. पाहुणा आल्याआल्या त्याला भरलं ताट मिळत नाही. आधी तो आपली ओळख सांगतो, मला इतकी भूक आहे असं कळवतो. जुन्या पोर्टवर तोवर त्याला 100 मिलीअँपिअरवरच थांबायचं असतं. यजमानाने हो म्हटलं, की पुढचं वाढप. अशी ही शिस्तीची पंगत आहे.

मग हब म्हणजे काय? हब म्हणजे ओसरीवर मांडलेले आणखी चार पाट. लक्षात घ्या, हब पाट मांडतो, भात शिजवत नाही. स्वयंपाकघरातून त्या ओसरीकडे येणारं पातेलं एकच, 500 मिलीअँपिअरचं. हब हाही एक पाहुणाच, त्याचे स्वतःचे 100 धरा. उरले 400. चार पाटांवर वाटले तर एकेकाला 100. हा माझा हिशेब नाही. स्वतःची वीज नसलेल्या हबसाठी यूएसबी 2 च्या नियमातच हा हिशेब लिहिलेला आहे. माउसला 100 पुरतात, कीबोर्डला पुरतात, टोकनला तर त्याहून कमी लागतात. पण फिरती हार्डडिस्क? तिची तबकडी फिरायला लागते त्या क्षणी अनेक डिस्कना 500 पेक्षाही जास्त लागतात. ती 100 च्या पाटावर बसली की काय होणार? ती उठते, पडते, पुन्हा उठते. टक् टक् आवाज होतो तो हाच.

इथे एक बारीक गोष्ट आहे, ती निसटू देऊ नका. डिस्क हावरटासारखी ओढते, त्या ओढीने हबवरचा 5 व्होल्टचा दाब खाली येतो आणि गपचूप जेवणारं बिचारं टोकन बंद पडतं. म्हणजे उपाशी उठतो तो एक आणि जास्त ओढणारा दुसराच. आपण मात्र उठणाऱ्याला दोष देतो. टोकन बदलतो, ड्रायव्हर बदलतो, ज्याने विकलं त्याच्याशी भांडतो. भाचीने नेमकं तेच केलं होतं. तेव्हा एखादं उपकरण मध्येच गायब होत असेल, तर आधी त्याच्या शेजारी कोण बसलं आहे ते बघा.

आता तुम्ही म्हणाल, हे सीए लोकांचं झालं. तसं नाही. आपल्या नंदुरबार जिल्ह्यातलं टेंभली गाव आठवा. देशातला पहिला आधार क्रमांक तिथे 29 सप्टेंबर 2010 ला दिला गेला. आधार नोंदणीचं टेबल तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे: एक लॅपटॉप, चार बोटं एकदम घेणारं यंत्र, डोळ्यांच्या बुबुळांचं यंत्र, फोटोचा कॅमेरा, प्रिंटर, आणि समोर बसलेल्याला आपलं नाव वाचता यावं म्हणून दुसरा पडदा. प्रिंटर आणि पडदा घरून डबा घेऊन आलेले पाहुणे, त्यांची वायर थेट भिंतीतल्या बोर्डात जाते. बोटांचं यंत्र, बुबुळांचं यंत्र आणि कॅमेरा मात्र सहसा लॅपटॉपच्याच ताटात जेवतात. एका लॅपटॉपला इतकी उपकरणं जोडून खेडोपाडी काम करायचं, हे आपल्या देशाने फार मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं आहे. त्याचा मला अभिमान आहे, आणि म्हणूनच माझी ही कळकळ आहे.

आज गावागावांत महा ई-सेवा केंद्रं आहेत, आपले सरकार सेवा केंद्रं आहेत. तलाठी भाऊसाहेब डिजिटल सही करतात. डिजिटल सहीचा सातबारा 1 मे 2018 पासून मिळू लागला, त्यामागेही लॅपटॉपला लावलेलं एक टोकन असतं. आणि केंद्रावर एखादी म्हातारी चार कोस चालून येते, थंब मशीनवर अंगठा ठेवते, आणि यंत्र मधेच डोळे मिटतं. तिला सांगतात, "आजी, तुमचा अंगठा झिजलाय, उमटत नाही." उन्हातान्हात राबून अंगठे झिजतात, हे खरंच आहे. पण माझ्या ऑपरेटर बंधूंनो, भगिनींनो, दर वेळी अंगठाच झिजलेला असतो असं समजू नका. ते यंत्र हबमधून काढा, थेट लॅपटॉपला लावा आणि मग आजींना परत पाठवायचं का ते ठरवा. एवढं तुम्ही करायलाच हवं. त्या हबला स्वतःची वीज आहे का?

स्वतःची वीज म्हणजे काय, तेही सांगतो. हबच्या कडेला चार्जरच्या पिनेसाठी वेगळं भोक असतं आणि त्याचा अ‍ॅडॅप्टर भिंतीतल्या बोर्डात जातो. म्हणजे ओसरीवर वेगळी चूल पेटली. आता यजमानाच्या स्वयंपाकघरावर भार नाही. तो फक्त कोणी कधी बोलायचं ते सांगतो, वाढप ओसरीवरच होतं. अ‍ॅडॅप्टर केवढा असावा? हिशेब करा. चार पोर्ट, प्रत्येकी 900, म्हणजे 3600 मिलीअँपिअर. तेव्हा 5 व्होल्टच्या हबला 4 अँपिअरचा अ‍ॅडॅप्टर हवा. आणि कृपा करून पिन बसते म्हणून 12 व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर 5 व्होल्टच्या हबला लावू नका, हब जळेल. त्याच्या पाठीवर लिहिलेलं असतं, वाचा. आपल्याकडे वाचत कोणी नाही. उपकरणाला किती मिलीअँपिअर लागतात हेही बहुधा त्याच्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेलं असतं.

लाइट गेल्यावरचं राहिलं, आणि आपल्या भागात ते फार महत्त्वाचं आहे. लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण हबचा अ‍ॅडॅप्टर साध्या बोर्डात असेल तर ओसरीवरची चूल विझली! डिस्कवर लिहिणं चालू असताना डिस्कच गेली. भाचीला हबची स्वतःची वीज जोडायला लावली तेव्हा मी पहिली अट घातली ती हीच: हबचा अ‍ॅडॅप्टर इन्व्हर्टरच्या बोर्डात. तुमच्या केंद्रात इन्व्हर्टर असेल, त्यावर पंखा असेल, ट्यूब असेल. हब आहे का?

एक जण मला म्हणाला, "साहेब, यूएसबीला 127 उपकरणं लागतात असं पुस्तकात लिहिलंय, आणि तुम्ही चारालाच घाबरवता." पुस्तकातलं बरोबर आहे. 1996 च्या जानेवारीत यूएसबीची पहिली आवृत्ती आली तेव्हापासून हा आकडा आहे. यूएसबी घडवणाऱ्यांत इंटेलचे अजय भट्ट होते, आपल्या शेजारच्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. यजमान प्रत्येक पाहुण्याला एक क्रमांक देतो, आणि असे क्रमांक 127 आहेत. पण हबही त्यातलाच एक क्रमांक खातो, आणि एकामागे एक असे पाचापेक्षा जास्त हब लावता येत नाहीत. मुख्य म्हणजे, 127 ही पाटांची मोजणी आहे. भाताची मोजणी वेगळी, ती मघाशी केली.

कॅमेऱ्यांचं राहिलं. वेळ थोडा आहे, भरभर सांगतो. ऑनलाइन शिकवणारे शिक्षक दोन कॅमेरे लावतात, एक चेहऱ्यावर, एक वहीवर. दोन्ही एकाच हबमध्ये, आणि दुसरा चालत नाही. इथे भात पुरेसा असतो, वाढप्याची फेरी कमी पडते. यूएसबी 2 चा वेग सेकंदाला 480 मेगाबिट, तो सगळ्या पंगतीत मिळून. कॅमेरा आपली फेरी आधीच राखून ठेवतो, आणि एकटा कॅमेरा साधारण 196 मेगाबिटपर्यंत राखू शकतो. अशा राखीव फेऱ्यांना 480 पैकी 80 टक्केच, म्हणजे 384 मिळतात. दोन कॅमेऱ्यांचे झाले 392. दुसरा उपाशी. यावर उपाय म्हणजे दुसरा कॅमेरा लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूच्या पोर्टला लावून बघायचा. कधी जमतं, कधी दोन्ही पोर्ट आतून एकाच वाढप्याकडे असतात. आणि यूएसबी 3 चा निळा हब आणला तरी जुने कॅमेरे त्यातल्या जुन्याच वाटेने जातात, कारण त्या हबच्या पोटात दोन वेगळ्या वाटा… असो, हे सविस्तर सांगायला हवं होतं. नव्या टाइप-सी पोर्टचंही बोलायचं होतं. त्यातून 3 अँपिअरपर्यंत देता येतात, पण प्रत्येक लॅपटॉप देतोच असं नाही, हे ध्यानात ठेवा.

काचेपलीकडून खूण झाली आहे. शेवटचं सांगतो.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या हबला ते पिनेचं भोक असेल. दुकानदाराने अ‍ॅडॅप्टर दिलाही असेल. तो खोक्यात तसाच राहतो, कारण अ‍ॅडॅप्टरशिवायही माउस चालतो, कीबोर्ड चालतो, आणि आपल्याला वाटतं झालं काम. भाचीच्या हबलाही भोक होतं. अ‍ॅडॅप्टर प्लॅस्टिकच्या पिशवीत, कपाटात, दोन वर्षं. आज घरी किंवा केंद्रावर गेलात की ते खोकं शोधा, अ‍ॅडॅप्टरवरचे व्होल्ट हबच्या व्होल्टशी जुळवून बघा, आणि उद्या सकाळी पहिला माणूस अंगठा लावायला येण्याआधी तो इन्व्हर्टरच्या बोर्डात लावा.