श्वासाचं ऑडिट
(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेलं भाषण)



आपल्या सोसायटीला 25 वर्षं झाली. पाण्याची टाकी, लिफ्ट, गणपती यांच्या आठवणी इतर वक्ते सांगतीलच. मला मिळालेली दहा मिनिटं मी मुलांच्या दम्यासाठी वापरणार आहे. आपण कांजूरमार्गकर. वारा फिरला की डम्पिंग ग्राउंडचा वास घरात येतो. हवेचं महत्त्व आपल्याला वेगळं सांगायला नको.

मी डॉक्टर नाही, माझी हयात बँकेत गेली. पण माझ्या नातवाला बालदमा आहे. त्याची परवानगी घेऊनच सांगतो. पंप सुरू केल्यापासून त्याचा खोकला गेला, खेळायला लागला. घरात विषय निघाला की आता पंप बंद करावा का? डॉक्टर म्हणाले, आधी एक तपासणी करू.

तपासणी अगदी सोपी. सुई नाही, रक्त नाही. आधी यंत्रातून गाळलेली हवा आत घ्यायची, त्यामुळे बाहेरच्या धुराचा हिशेब त्यात मिसळत नाही. मग साधारण सहा ते दहा सेकंद एका संथ गतीने श्वास सोडायचा. त्या श्वासात नायट्रिक ऑक्साइड वायू किती आहे, ते यंत्र सांगतं. हा वायू आपलं शरीरच तयार करतं. ॲलर्जीच्या दम्यात श्वासनलिकेला आतून सूज आली की तो जास्त तयार होतो. माणसाच्या श्वासात तो असतो, हे 1991 मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं.

मोजमाप असतं पीपीबीमध्ये, म्हणजे शंभर कोटी भागांत किती भाग. बँकेच्या भाषेत, शंभर कोटी रुपयांतले वीस-तीस रुपये शोधायचे! अमेरिकेतल्या छातीच्या डॉक्टरांच्या संघटनेने 2011 मध्ये ढोबळ मापं दिली. मुलांमध्ये 20 च्या खाली कमी, 35 च्या वर जास्त. नातवाचा आकडा आला 46. मुलगा हसतखेळत होता, पण आत सूज होतीच. शाखा बाहेरून चकचकीत दिसते, आतलं ऑडिटमध्येच कळतं, तसंच हे. पंप चालू राहिला. पुढच्या तपासणीत आकडा 22 वर आला.

मात्र या एका आकड्यावर सगळं ठरत नाही. नाकाची ॲलर्जी असेल, आदल्या जेवणात बीट किंवा पालेभाजी झाली असेल, तर आकडा वाढू शकतो. दम्याच्या काही प्रकारांत तो वाढतही नाही. अगदी लहान मुलांना असा श्वास सोडणं जमत नाही. म्हणून लक्षणं, फुंकून करायची दुसरी तपासणी आणि हा आकडा एकत्र पाहूनच डॉक्टर ठरवतात. आणि मुलाला धाप लागली असेल, तर आकड्याची वाट न बघता आधी डॉक्टरांकडे.

माझं सांगणं एवढंच की बरं वाटलं म्हणून रोजचा पंप आपल्या मनाने बंद करू नका. "पंपाची सवय लागते" असं लिफ्टमध्ये कोणीतरी सांगतंच. सवय लागत नाही. पंपातलं सूज उतरवणारं औषध मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, गोळीतलं मिलिग्रॅममध्ये. आणि एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम. डोस कमी करायचा असेल तर डॉक्टरच कमी करतील. लाज तर मुळीच नको. चष्मा लावतो तसाच पंप घ्यायचा.

आता कमिटीला विनंती. डम्पिंगचा प्रश्न आपल्या एकट्याच्या हातात नाही, पण कंपाउंड आपल्या हातात आहे. वाळका पाला जाळणं बंद करूया. स्कूल बसचं इंजिन गेटवर चालू ठेवू देऊ नये. पेस्ट कंट्रोल आणि रंगकामाची नोटीस दोन दिवस आधी लावावी. आणि घरात डासांची कॉइल टाळा. एका कॉइलमधून 75 ते 137 सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघतात, असं 2003 मध्ये छापलेल्या एका अभ्यासात आढळलं आहे.

25 वर्षांत आपण सिंकिंग फंड जमवला, तो इमारतीसाठी. या मुलांची फुप्फुसं ही त्याहून मोठी ठेव. ती सांभाळूया. इथेच थांबतो.